सगुणने बांधून दिलेला घुमट

मित्रांनो, मी डिचोलीच्या मातीचा, वाजून वाजून जुना झालेला एक घुमट आहे. सध्या मी इंग्लंडमधल्या एका लहान घराच्या खिडकीत बसलेला असतो आणि माझे तोंड उघडे आहे. मी रागावलेला आहे, हे आधीच सांगून टाकतो. राग कशाचा, ते सांगण्यासाठी सुरुवातीकडे जावे लागेल.

तुमच्यापैकी काहींनी घुमट पाहिला नसेल. चवथीला आमच्या गोव्यात गणपतीपुढे आरती सुरू झाली की झांजांबरोबर जे मातीचे वाद्य घुमते, तो मी. आकार मडक्याचा, पण तोंडे दोन. मोठ्या तोंडावर कातडे ताणून बसवतात, लहान तोंड मोकळे असते. उजवा हात कातड्यावर पडतो आणि डावा पंजा लहान तोंडावर उघडझाप करतो. त्या उघडझापीत सगळे कसब आहे.

मला भिकाजी कुंभाराने घडवले. चाकावरून उतरवल्यावर त्याने मला बाहेरून थापीने थोपटले, सावलीत वाळवले आणि भट्टीत घातले. माझ्या बरोबरीचे दोन जण भट्टीत तडकले. मी टिकलो. भिकाजीने मला बोटाने टिचकी मारून ऐकले आणि म्हणाला, "हो बोलतलो," म्हणजे हा बोलणार. मग त्याने माझ्या तोंडावर बोकडाचे ओले कातडे चढवले आणि काथ्याने आवळून उन्हाला ठेवले.

पूर्वी घुमटाला घोरपडीचे कातडे लावत. ते पातळ आणि चिवट असते, आवाज खोल देते. पण घोरपड मारणे हा गुन्हा आहे, हे भिकाजीला ठाऊक होते. कोणी आडून मागितले तर तो म्हणे, "घोरपडीचा व्हया असल्यास दुसरीकडे जा. माका जेलातला जेवण नको." मी बोकडाच्या कातड्यावर खूश होतो. आपल्याला दुसरे काही मिळू शकते, याची वस्तूला कल्पना नसते तेव्हा ती सुखी असते.

मला घेतले ते पेडणे तालुक्यातल्या तुये गावच्या चंद्रावतीने. तेव्हा तिचे लग्न व्हायचे होते. गावातल्या बायकांनी स्वतःचे आरतीचे पथक काढले होते. पुरुषमंडळी देवळाच्या पायरीवर बसून हसायची, "आता बायको घुमट वाजवतली आणि आम्ही नेवऱ्यो तळतलो!" चंद्रावतीने मला गळ्यात अडकवले आणि पहिल्याच चवथीला असा ठेका धरला की पायरीवरचे हसणे थांबले. पुढे आम्ही गावोगाव स्पर्धांना गेलो. मांद्र्याच्या एका मांडवात लोकांनी तीच आरती पुन्हा म्हणायला लावली. ती माझी चांगली वर्षे.

मग तिचे डिचोलीच्या गोपाळशी लग्न झाले, सुमंगला जन्मली, आणि काही वर्षांनी चंद्रावतीला इंग्लंडमधल्या एका वृद्धाश्रमात काम मिळाले. ती नवऱ्याला आणि मुलीला घेऊन गेली. मी तुयेला तिच्या माहेरी माळ्यावर गेलो. उंदराने माझे कातडे कडेने कुरतडले. पाहुणे आले की माझ्यावरच्या गोधड्या काढत आणि पाहुणे गेले की पुन्हा माझ्यावर ठेवत. त्याबद्दल मी कोणावर रागावलेला नाही. वाजवणारी गेली की वाद्याचे असेच होते.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. चंद्रावती इंग्लंडमध्ये राहते ती कायमची नव्हे. तिला मुदतीचा परवाना आहे. ज्या वृद्धाश्रमात ती काम करते त्या कामाशी तो बांधलेला आहे. गोपाळ आणि सुमंगला तिथे राहतात ते तिच्या परवान्याच्या आधारावर. तिला सुट्टीत गावी येता येते आणि परत जाता येते. पण परतताना सीमेवर उभा असलेला अधिकारी तिला प्रत्येक वेळी नव्याने तपासतो. खोटे बोलल्याचे किंवा बंदीची वस्तू आणल्याचे निघाले तर परवाना जाऊ शकतो. आणि तिचा गेला की तिघांचा गेला. सुमंगलाची शाळा, गोपाळची गोदामातली नोकरी, भाड्याचे घर, सगळे.

म्हणून चंद्रावती सामानाच्या बाबतीत कडक झाली होती. लोक तिला भित्री म्हणत. जिचा मुलगा तिकडे होता ती शेजारीण म्हणे, "आमच्या झिलाक चार सुके बांगडे न्यायचे, तर हिका भय!" ती ऐकून घेई आणि बांगडे नेत नसे.

गेल्या चवथीला ती एकटीच गावी आली. तिची आई पार्वती थकली होती, लेकीला बघायचे म्हणून रोज फोनवर रडत होती. येण्याआधीच चंद्रावतीने भावाला, सगुणला, फोन करून मला माळ्यावरून काढवले आणि नवे कातडे बसवायला सांगितले. या खेपेला मला बरोबर न्यायचे असे तिने ठरवले होते. तिथल्या गोवेकरांची आरती टाळ्यांवर चालते, याचे तिला वाईट वाटे. बोकडाच्या कातड्याचे वाद्य आणले तर चालेल का, हे तिने तिथे विचारून घेतले होते. सगुणने मला भिकाजीकडे नेले. म्हाताऱ्याने मला ओळखले, बोकडाचे कातडे चढवले आणि तसे लिहून पावतीही दिली.

सगुण तुयेच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात काम करतो. बहिणीवर त्याचा जीव आहे, तो तिला बाय म्हणतो. हे मी मुद्दाम सांगतो, कारण तो वाईट माणूस असता तर माझा राग इतका टिकला नसता.

चवथीच्या दुसऱ्या दिवशी आरती रंगली होती. चंद्रावती कितीतरी वर्षांनी मला गळ्यात घालून बसली होती. शेजारच्या वाड्यावरचा गुरुदास आरतीला आला होता. तो त्यांच्या पथकाचा मुख्य वादक. आरती संपल्यावर प्रसादाची वाटी हातात घेऊन तो म्हणाला, "सगुणा, तुझ्या बायचो हात अजून बरो आसा हां. पण घुमटाक बोकडाचा कातडा? आवाज कसो, रॉकेलच्या डब्यावर काठी मारल्यासारखो!"

सगळे हसले. चंद्रावतीही हसली. तिने मला गळ्यातून काढून त्याच्यापुढे धरले. "घे तर. डबो म्हणान तरी वाजवन दाखय."

गुरुदासने हात जोडले. "नको गो बाये. डबो वाजवक माका येणा नाय."

पुन्हा हशा झाला आणि चंद्रावतीच्या दृष्टीने विषय तिथे संपला. सगुण मात्र हसला नव्हता. तो वाटीतल्या पंचखाद्याकडे बघत राहिला होता.

गणपती विसर्जन झाले. चंद्रावती डिचोलीला सासरी चार दिवस राहायला गेली. त्या दिवसांत सगुण आणि त्याचे दोन मित्र कुत्री घेऊन काजूच्या भाटात, म्हणजे बागेत गेले. त्यांनी एक घोरपड हुसकून बिळातून काढली आणि मारली.

मित्रांनो, ते कातडे माझ्यावर चढवले तेव्हा ते ओले होते आणि त्याला वास होता. भिकाजीने बसवलेले बोकडाचे चांगले, नवे कातडे सगुणने फाडून फेकले. नवे बसवायचे काम त्याला येत होते. हात चांगला होता त्याचा. काथ्या आवळताना तो मित्रांना म्हणाला, "थय पयली थाप मारतली तेवा बायक कळतला, भाव काय चीज आसा तो."

एका मित्राने विचारले, "तिका सांगलंस?"

"सांगितल्यार मजा कसली?"

मला ओरडता आले असते तर मी ओरडलो असतो. पण वाद्याला कोणी तरी वाजवावे लागते. सगुणने मला वाळवले, एकदाही न वाजवता जुन्या चादरीत गुंडाळले, खोक्यात घातले आणि खोक्याला चारी बाजूंनी चिकटपट्टी मारली. चंद्रावती परतली तेव्हा तो म्हणाला, "बाय, घुमटाची काळजी करू नको. फुटू नये म्हणान बरो बांधलंय. आता उघडू नको, नायतर परत बांधूक येवचा नाय."

तिने खोक्याभोवती हात फिरवला. भावाने कष्टाने बांधले होते. घरात आई रडत होती, पाववाला पोदेर उंडे घेऊन दारात उभा होता, शेजारीण निरोपाला आली होती. तिने उघडले नाही. बाकीच्या बॅगा तिने दोनदा तपासल्या आणि त्या एका खोक्यावर विश्वास ठेवला.

विमान दुपारचे होते. मोपाच्या पठारावर, आमच्याच तालुक्यात, आता विमानतळ आहे. सगुणने गाडीतून सामान उतरवले, पार्वतीने लेकीच्या कपाळाला हळदकुंकू लावले आणि चंद्रावती ढकलगाडी घेऊन आत गेली.

सामान देण्याच्या खिडकीवर एक तरुण मुलगी होती. ती प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत होती. चंद्रावतीची पाळी आली.

"मॅडम, सामान तुम्ही स्वतः भरलंय ना?"

रांगेतले सगळे 'हो' म्हणून पुढे जात होते. चंद्रावतीने तोंड उघडले आणि थांबली.

"बॅगा मी भरल्या. हा खोका माझ्या भावाने बांधला."

"आत काय आहे?"

"घुमट."

"तुम्ही बघितलाय ना?"

"माझाच आहे," चंद्रावती म्हणाली. मग म्हणाली, "नाही. बांधल्यावर नाही बघितला. मला एक मिनिट द्या."

"मॅडम, खिडकी बंद व्हायला फार वेळ नाही."

तिने खोका बाजूला नेला, जमिनीवर बसली आणि नखांनी चिकटपट्टी सोडवली. मागचा एक जण म्हणाला, "काय बाई, घरी उघडायचं ना!" तिने चादर उलगडली. आणि तिचे बोट माझ्या कातड्यावर आले.

बोकडाचे कातडे बोटाला सपाट लागते. घोरपडीच्या कातड्यावर बारीक दाण्यांच्या ओळी असतात. तिचे बोट एका ओळीवरून गेले, दुसरीवरून गेले. मग तिने एकच थाप मारली, अगदी हलकी. माझा आवाज त्या मोठ्या हॉलमध्ये खोल घुमला आणि रांगेतली माणसे वळून बघू लागली. तो आवाज सुंदर होता, हे मला कबूल करावे लागते. मला त्याची लाज वाटली.

तिने फोन लावला. "सगुण, खंय आसस?"

"पार्किंगात. आई रडता हय."

"आईक गाडीतच बसय. तू दाराकडे ये. आत्ता."

दारावरच्या जवानाला तिने विनवले. दादा, एक वस्तू परत द्यायची आहे, दोन मिनिटे. त्याने तिचे तिकीट पाहिले, बॅगा तिथेच ठेवायला लावल्या आणि दाराच्या कठड्यापर्यंत येऊ दिले. पलीकडे सगुण धावत आला. तिच्या हातात मला बघून त्याचा चेहरा फुलला.

"उघडलंस? आवाज आयकलंस काय गो?"

"कातडा कसला?"

"कळला ना तुका! मी म्हटलेलंय, बायक एका थापेत कळतला."

"कसला, म्हणान विचारतंय."

त्याने इकडेतिकडे बघितले आणि आवाज उतरवला. "घोरपडीचा. भाटात गावली."

"गावली, की मारलंस?"

त्याने चपलेने फरशीवरची धूळ घासली.

"मेल्या," चंद्रावती म्हणाली. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरे झाले असते. "माझ्या सामानात तू माका न सांगता ह्या घातलंस?"

"कोण बघता गो थय? गोऱ्यांका घोरपड खंय म्हायत? बोकडाचा म्हणान सांगायचा. भिकाजीची पावती आसाच."

"पावती बोकडाची आणि कातडा घोरपडीचा. म्हणजे मी कागद दाखवन खोटा बोलतंय. असा लिवतले ते. माझो परवानो गेलो की गोपाळचो गेलो, सुमीचो गेलो. थय ती एकटी शाळेतसून घरी येता, माझी वाट बघता. तिका काय सांगू? मामान कौतुकान धाडल्यान?"

"बाय, मी तुझ्यासाठी केला गो."

"माझ्यासाठी?" आता तिचा आवाज चढला. जवानाने मान वळवली. "गुरुदास हसलो, ता तुझ्या मनाक लागला. म्हणान केलंस. माझा नाव कित्याक घेतस?"

 सगुणने हात पुढे केला. "दी तर. परत नेतंय."

"नेऊन काय करशील? येत्या चवथीक गुरुदासापुढे वाजवशील?"

त्याचा पुढे केलेला हात मागे गेला नाही, आणि त्यात उत्तर होते. मला ते कळले, तिलाही कळले.

तिने बॅगेच्या कुलुपाची किल्ली माझ्या कातड्यावर टेकवली आणि अंगाचा भार दिला. कातडे फटकन फुटले. मग तिने भोकात बोटे घातली आणि ते ओढून फाडले, या काठापासून त्या काठापर्यंत. तिच्या नखातून रक्त आले.

"ओ मॅडम, काय चाललंय?" जवान पुढे आला.

"काही नाही दादा. वाद्याचं कातडं खराब निघालं."

तिने ते तुकडे चादरीत गुंडाळून सगुणच्या हातात दिले. "भाटात नेऊन पूर. जंय मारलंस थंयच. आणि आईक सांग, मी बरी गेलंय." पावतीही तिने तिथेच फाडून त्याला दिली. आईला पुन्हा एकदा भेटून घ्यायला तिच्याकडे वेळ उरला नव्हता. ती भेट सगुणने खाल्ली, आणि ते कोणी हिशेबात धरत नाही म्हणून मी सांगतो आहे.

तरी काथ्याखाली कातड्याची कड उरलीच होती. बॅगा खिडकीवर देऊन हातसामानातून मला नेताना ती विमानतळाच्या स्वच्छतागृहात थांबली. मला नळाखाली धरून तिने कड भिजवली, काथ्या सोडला आणि केसातल्या पिनेने शेवटचा धागासुद्धा खरवडून काढला. शेजारच्या बेसिनवर एक बाई ओठांना रंग लावत होती. ती आरशातून बघत म्हणाली, "प्रवासात मडकं धुताय?"  चंद्रावती रडत होती आणि खरवडत होती.

पलीकडे उतरल्यावर अधिकाऱ्याने तिला बाजूला घेतले. असे दरवेळी होत नाही, पण त्या दिवशी झाले. कुठे राहता, काय काम करता, किती दिवस बाहेर होता. तिने फोनमधला परवाना दाखवला, वृद्धाश्रमाचे रजेचे पत्र दाखवले. मग त्याने मला उचलले, एका तोंडातून हात घातला आणि दुसऱ्यातून बाहेर काढला. काठावरून बोट फिरवले. दिव्याखाली धरून आत पाहिले.

"हे काय आहे?"

"मातीचे वाद्य. कातडे बसवायचे आहे."

"कुठले कातडे?"

"इथे मिळेल ते. विचारून घेईन."

त्याने मला तिच्या हातात परत दिले आणि जायला सांगितले. बाहेर गोपाळ आणि सुमंगला उभे होते. सुमंगला धावत येऊन आईला बिलगली आणि मी दोघींच्या मध्ये चेपलो. गोपाळने चंद्रावतीला आधी बाकावर बसवले. तिने काय झाले ते सांगितले. गोपाळ शांत माणूस, त्याने मला तिच्याकडून घेऊन उलटसुलट पाहिले. मग म्हणाला, "तू 'हो' म्हटलं असतंस तर?"

तेव्हापासून मी खिडकीत आहे. सुरुवातीला गोपाळने माझ्यात लाकडी डाव आणि उलथणी ठेवली. चंद्रावतीने ती काढली. जवळच्या शहरात ढोल दुरुस्त करणारा एक पंजाबी म्हातारा आहे, त्याच्याकडे मला न्यायचे ती म्हणते. सुट्टी मिळत नाही. माझ्या आतून वारा इकडून तिकडे जातो आणि मी मुका आहे. दुसऱ्याच्या हौसेपायी माझा आवाज गेला, तिच्या बोटांना जखमा झाल्या आणि तीन माणसांचे घर एका प्रश्नाच्या उत्तरावर लटकले. सांगा, मी का रागावू नये?

कित्येक महिने ती सगुणशी धड बोलली नाही. त्याचे निरोप येत, ती 'बरं' एवढे लिही. मग परवा त्याचा फोन आला. तिने तो खिडकीत ठेवून स्पीकरवर घेतला, म्हणून मला ऐकू आले.

"बाय, आपल्या वाड्यावरची देवकी येतली पुढच्या आठवड्यात थय. तिच्याकडे काय तरी धाडूचा म्हणतंय."

चंद्रावती माझ्या काठावरची धूळ पुसू लागली.

"काजू धाडू? भाजलेले, दुकानातले, पाकीट बंद. चलतले काय? तू आधी बघून सांग. आणि देवकीकय विचारतंय, ती हो म्हणाली तरच. नाय म्हटलंस तर नाय धाडणा."

 चंद्रावतीचा राग गेलेला नव्हता, माझाही नाही. पण तिने फोनवर खाद्यपदार्थ आणण्याचा नियम उघडला, शेवटपर्यंत वाचला आणि म्हणाली, "चलतले. पाकिटावरचा कागद काढू नको."

"नाय काढणा," सगुण म्हणाला. मग हळूच म्हणाला, "बाय, आई बरी आसा."

मित्रांनो, तुमचे कोणी परदेशात मुदतीच्या परवान्यावर राहत असेल, तर ते भित्रे नसते. त्याच्या एका बॅगेवर घरातली सगळी माणसे उभी असतात. त्याला काही द्यायचे झाले तर उघड्या हाताने द्या, नाव सांगून द्या, आणि त्याने नको म्हटले तर तोंड वाकडे न करता परत घ्या. त्याला न सांगता त्याच्या सामानात काहीही घालू नका. लोणच्याची पुडी नको, कोणाची औषधे नकोत, आश्चर्याचा धक्का तर मुळीच नको. आधी विचारा.

सगुण आता विचारायला शिकला आहे. घोरपडीला मात्र कोणीच विचारले नव्हते.